यंत्राआधी जागा



भोपाळच्या अरेरा कॉलनीतील बिट्टन मार्केट आपणांपैकी अनेकांच्या परिचयाचे असेल. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ ही नव्या मध्य प्रदेश राज्याची राजधानी झाली, तेव्हा नागपूरच्या सरकारी कचेऱ्यांतील कितीतरी मराठी कुटुंबे या शहरात येऊन राहिली. त्यांच्या मुलानातवंडांना हा भाजीचा हाट, शेजारचे दसरा मैदान आणि दुकानांच्या त्या गजबजलेल्या ओळी घरच्याच वाटतात. अशा बाजारपेठेत खाली दुकाने आणि वर कचेऱ्या असे साधारण चित्र असते. वरच्या मजल्यावर कोठे दंतवैद्याचा दवाखाना, कोठे रक्त तपासणारी प्रयोगशाळा, कोठे हिशेबनीसाची कचेरी, तर कोठे मुलांचा शिकवणीवर्ग. या सर्वांचे काम आज एका गोष्टीवाचून अडते, आणि ती गोष्ट बहुधा जिन्याखाली किंवा अडगळीच्या खोलीत एका लोखंडी कपाटात उभी असते. त्या कपाटात नेटवर्कची यंत्रे असतात. रुग्णाचा अहवाल, ग्राहकाची पावती, दाराशी बसविलेल्या कॅमेऱ्याचे चित्र, सारे काही त्या कपाटातून ये-जा करते.

आज मला बोलावयाचे आहे ते या कपाटाविषयी, आणि विशेषतः ते कपाट येण्यापूर्वी करावयाच्या तयारीविषयी. यंत्राची निवड करताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो, किमतीची घासाघीस करतो. जागेचा विचार मात्र यंत्राची खोकी दाराशी येऊन पडली म्हणजे सुरू होतो. पावसाच्या सरी आल्यावर नांगर शोधावयास निघणाऱ्या शेतकऱ्यास आपण हसू. पण शहरातील सुशिक्षित मनुष्य या बाबतीत नेमके तेच करीत असतो.

प्रथम हे कपाट म्हणजे काय ते पाहू. आपल्या स्वयंपाकघरात भांड्यांची मांडणी असते, तशी ही यंत्रांची मांडणी होय. इंग्रजी 'रॅक' हा शब्द आता आपल्याकडे रूढ झालेला आहे. टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्ये रिले बसविण्यासाठी ज्या लोखंडी चौकटी वापरीत, त्यांच्यापासून ही पद्धत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाली. यंत्राच्या दर्शनी पट्टीची रुंदी १९ इंच, म्हणजे ४८२.६ मिलिमीटर, हे तिचे मुख्य माप. उंचीचे माप 'यू' या अक्षराने सांगतात. एक यू म्हणजे पावणेदोन इंच, अर्थात ४४.४५ मिलिमीटर. बेचाळीस यूच्या मोठ्या कपाटात यंत्रांसाठी सुमारे १,८६७ मिलिमीटर उंची मिळते आणि बाहेरून ते सुमारे दोन मीटर भरते. लहान कचेरीला भिंतीवर टांगण्याचे सहा, नऊ किंवा बारा यूचे कपाटही पुरते.

या मापांतील शिस्त मोठी मनोज्ञ आहे. खांबावर प्रत्येक यूमागे तीन भोके असतात. पण त्यांच्यातील अंतर सारखे नसते. १५.८७५, पुन्हा १५.८७५ आणि मग १२.७ मिलिमीटर, असा तो क्रम खालपासून वरपर्यंत चालतो. दोन यूंमधील सीमा लहान अंतराच्या मध्यावर पडते. ज्याला हे ठाऊक नाही तो एक भोक वर किंवा खाली धरतो. मग यंत्राचे कान भोकांशी जुळत नाहीत, अथवा ते शेजाऱ्याच्या जागेत घुसून बसते. म्हणून कसबी कारागीर हाती स्क्रू घेण्यापूर्वी कागद घेतो आणि कोणते यंत्र कितव्या यूवर बसणार हे खालपासून वर लिहून काढतो. जड वस्तू तळाशी, हलक्या वर, हा नियम त्या कागदावरच ठरतो.

आता जागेकडे वळू. जिन्याखालचा कोपरा रिकामा आहे एवढ्यावरून तो योग्य ठरत नाही. वर स्नानगृह आहे काय, भिंतीतून पाण्याचा नळ गेला आहे काय, पावसाळ्यात तेथे ओल धरते काय, हे आधी पाहावे. भोपाळचा पावसाळा जोरदार असतो; गच्चीतून झिरपणारा एक थेंबही यंत्राला पुरेसा होतो. त्यानंतर वाट मोजावी. दोन मीटर उंचीचे कपाट वेष्टनासह येते तेव्हा त्याची उंची आणखी वाढते; ते जिन्याच्या वळणावर अडले म्हणजे चार माणसे त्याला तिरपे करून ओढू लागतात, आणि पाठीची व बोटांची दुखापत होते ती येथेच. दार, वळण आणि उद्वाहन यांची मापे घेण्यास पाच मिनिटे लागतात. कपाटासमोर सुमारे एक मीटर आणि मागे निदान साठ सेंटिमीटर मोकळी जागा हवी, तरच पुढे दुरुस्ती करणारा मनुष्य आत हात घालू शकेल.

भाराचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. बॅटऱ्यांसह भरलेल्या मोठ्या कपाटाचे वजन पाचशे किलोग्रॅमपर्यंत सहज जाऊ शकते. त्याचा तळ ६० सेंटिमीटर रुंद आणि १ मीटर खोल धरला, तर तेवढ्या जागेवर दर चौरस मीटरला आठशे किलोग्रॅमहून अधिक भार पडतो. आपल्या देशाच्या बांधकाम-संहितेत निवासी खोलीची जमीन दर चौरस मीटरला सुमारे दोनशे आणि कचेरीची सुमारे अडीचशे ते चारशे किलोग्रॅम भार धरून आखलेली असते. हा भार सगळ्या जमिनीवर पसरलेला धरलेला असल्यामुळे एक कपाट ठेवताच जमीन खचेल असे नव्हे. परंतु तुळई कोठे आहे, कपाट भिंतीलगत घ्यावे की कसे, हे स्थापत्य अभियंत्यास विचारल्यावाचून ठरवू नये. भिंतीवर टांगावयाचे कपाट असेल, तर बोल्ट विटांत किंवा काँक्रीटमध्ये रुतले पाहिजेत. गिलाव्यावर किंवा पातळ फळीच्या आडोशावर भरवसा ठेवणे म्हणजे कोणाच्या तरी डोक्यावर ते कपाट टांगून ठेवणे होय.

यानंतर वीज. कपाटासाठी वितरणपेटीपासून स्वतंत्र तार आणि स्वतंत्र एमसीबी असावा. खालच्या दुकानातील शीतपेटी किंवा गिरणी ज्या तारेवर चालते, त्याच तारेवर नेटवर्क लावू नये. परंतु सर्वांत अधिक हयगय होते ती अर्थिंगची. तीन भोकांचा सॉकेट भिंतीत दिसला म्हणजे अर्थिंग आहे असे आपण मानतो. पुष्कळदा त्या तिसऱ्या भोकामागे तार असते, पण ती जमिनीपर्यंत पोहोचलेलीच नसते. या यंत्रांच्या वीजपुरवठ्यात गाळण्या असतात आणि त्यांच्यातून अल्पसा प्रवाह नेहमीच जमिनीकडे जात असतो. त्याची वाट तुटली म्हणजे तो कपाटाच्या पत्र्यावर येऊन थांबतो. हात लावताच मुंग्या येतात त्या यामुळे. एका यंत्राची गळती क्षुल्लक असते. पण दहा यंत्रांची गळती एकत्र आली, आणि त्यातून एखाद्या यंत्राचे आवरण उतरून आत खरा दोष निर्माण झाला, तर शिडीवर उभ्या असलेल्या मनुष्याचा तोल जाण्यास किंवा प्राण जाण्यास तेवढे पुरे होते. म्हणून कपाटाची चौकट, दारे आणि यंत्रांची आवरणे ही सारी हिरव्या-पिवळ्या तारेने एका पट्टीस जोडावीत आणि ती पट्टी इमारतीच्या मुख्य अर्थिंगला जोडावी. कपाटासाठी निराळा खड्डा खणून तो मुख्य अर्थिंगपासून अलग ठेवणे धोक्याचे असते. वीज कडाडली म्हणजे दोन खड्ड्यांमधील दाबाचा फरक यंत्रांतूनच वाट काढतो.

अर्थिंगची मोजणी केव्हा करावी हेही महत्त्वाचे आहे. ओली जमीन वीज सहज वाहून नेते, कोरडी जमीन अडविते. ऑगस्टमध्ये घेतलेले माप उत्तम निघते आणि तीच जमीन मे महिन्यात दगा देते. भोपाळच्या टेकड्यांच्या भागात थोडे खणले की खडक लागतो. तेथे तर ही काळजी दुप्पट हवी. म्हणून उन्हाळ्यात मोजणी करावी आणि तो आकडा तारखेसह लिहून ठेवावा. हे काम परवानाधारक विद्युत्-कारागिराचे आहे. ते हौशी मनुष्याने करू नये.

उष्णतेचा हिशेब साधा आहे. यंत्र जितकी वीज घेते, ती जवळजवळ सर्वच्या सर्व उष्णता होऊन खोलीत उतरते. कपाटातील यंत्रे मिळून १,२०० वॅट घेत असतील, तर ती १,२०० वॅटची शेगडी दिवसरात्र पेटत आहे असे समजावे. एक टनाचे वातानुकूलन यंत्र सुमारे ३,५०० वॅट उष्णता बाहेर काढते. म्हणजे केवळ या कपाटासाठी एक तृतीयांश टन खर्ची पडला, आणि पश्चिमेची तापलेली भिंत व खोलीतील माणसे यांचा हिशेब निराळाच. अशा खोलीचे तापमान १८ ते २७ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असणे इष्ट मानतात. मे महिन्यात भोपाळचा पारा ४० च्या वर जातो, तेव्हा बंद खोलीत काय होत असेल याची कल्पना करावी. वातानुकूलन यंत्र कपाटाच्या बरोबर वर कधीही बसवू नये. त्याचे पाणी एक ना एक दिवस ठिबकणारच. आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वीज गेली म्हणजे यूपीएसच्या जोरावर यंत्रे चालू राहतात, पण वातानुकूलन बंद पडते. शेगडी पेटलेली आणि खिडकी मिटलेली, अशी ती अवस्था असते. तेव्हा यूपीएस किती वेळ पुरेल याबरोबरच खोली तेवढ्या वेळात किती तापेल, हेही पाहिले पाहिजे.

धुळीविषयी एकच नियम सांगतो. भिंतीला भोके पाडणे, गिलावा, रंग आणि झाडलोट ही कामे पूर्ण झाल्याखेरीज यंत्राचे खोके उघडू नये. काँक्रीटची बारीक भुकटी पंख्यातून आत शिरली म्हणजे ती पुन्हा बाहेर येत नाही. यंत्रे बसविल्यावर ज्या यू रिकाम्या राहतील त्यांच्यावर झाकणपट्ट्या लावाव्यात. नाहीतर मागची ऊन हवा त्याच फटींतून पुढे येते आणि यंत्र स्वतःचाच उच्छ्वास पुन्हा आत घेत राहते.

आता तारा. बाहेरून येणाऱ्या तारेची नळी बाहेरच्या बाजूस उतरती असावी आणि तारेला आत शिरण्यापूर्वी खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी त्या झोळावरून गळून पडते. रस्ता किंवा अंगण खणावे लागणार असेल, तर आधी चौकशी करावी. एकाच्या खोदकामात दुसऱ्याची तार तुटू नये म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचे ॲप सुरू केले. त्यावरून जमिनीखाली कोणाच्या तारा व नळ आहेत याची विचारणा करता येते. इमारतीच्या आत तांब्याच्या तारेची मर्यादा एकंदर १०० मीटर. त्यांपैकी ९० मीटर भिंतीतील कायमची तार आणि १० मीटर दोन्ही टोकांच्या जोडतारा. तार तिच्या जाडीच्या चौपटीहून अधिक काटेकोर वळवू नये. विजेच्या तारा आणि नेटवर्कच्या तारा एका नळीत कोंबू नयेत.

प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना तोच क्रमांक हवा. हे भोपाळकरांना समजावून सांगण्याची गरज पडू नये. ज्या शहरात 'सहा नंबर', 'दहा नंबर', 'अकरा नंबर' अशी ठिकाणांची नावेच क्रमांकांनी चालतात आणि परका मनुष्यही त्या आधारे बिनचूक पोहोचतो, त्या शहरात कपाटातील दोनशे निळ्या तारा मात्र बिननावाच्या असाव्यात, हे नवल नव्हे काय? तार बसविताना क्रमांकाची चिठ्ठी लावण्यास अर्धे मिनिट लागते. पुढे यंत्र बंद पडले असता तीच तार शोधण्यात सकाळ जाते आणि प्रयोगशाळेबाहेर रुग्ण ताटकळत बसतात.

एवढी जागेची तयारी झाल्यावर हत्यारांची. गवंड्याची पाणसळ आणि ओळंबा येथेही लागतात. कपाट पाणसळीत नसेल तर दार आपोआप उघडते आणि यंत्र खांबांत तिरपे बसते. मोजपट्टी, फुलीच्या तोंडाचे दोन आकारांचे स्क्रू-ड्रायव्हर, पाने, पक्कड, काँक्रीटला भोके पाडणारे ड्रिल, भक्कम शिडी आणि डोक्याला बांधावयाची विजेरी ही सामान्य हत्यारे. विजेसाठी मल्टिमीटर आणि अर्थिंगचे मोजयंत्र; केवळ दिवा लागणाऱ्या टेस्टरवर जीव टांगू नये. तारांसाठी त्यांचे आवरण सोलण्याचे, टोपी दाबून बसविण्याचे आणि पट्टीत तार ठोकण्याचे अशी तीन निरनिराळी हत्यारे आणि शेवटी तार तपासण्याचे यंत्र. तारा बांधण्यास चिकटणाऱ्या कापडी पट्ट्या घ्याव्यात. प्लॅस्टिकच्या पट्ट्या करकचून आवळल्या म्हणजे आतील जोड्यांची पीळ बिघडते.

एका क्षुल्लक वस्तूचा उल्लेख मुद्दाम करतो. कपाटाच्या चौकोनी भोकांत स्प्रिंगच्या पिंजऱ्यातील नट बसवावे लागतात. ते बसविण्याची एक लहानशी आकडी असते. ती नसली म्हणजे कारागीर स्क्रू-ड्रायव्हरने नट रेटतो. ते टोक निसटते आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यात घुसते. या धंद्यातील किती मुलांच्या हातावर अशा खुणा असतात, त्या पाहाव्यात. आकडीची किंमत ती काय! हातमोजे, जाड तळाची पादत्राणे आणि ड्रिल चालविताना चष्मा, हेही हत्यारांच्याच यादीत लिहावे. प्रकाशतंतूच्या टोकाशी डोळा नेऊन आत पाहू नये. त्यातील प्रकाश डोळ्यांस दिसत नाही, म्हणूनच तो अधिक घातक असतो. तंतू कापताना जे काचेचे कण पडतात ते उघड्या हाताने पुसू नयेत, एका डबीत जमा करावेत.

आगीची गोष्ट शेवटी घेतली, ती तिचे महत्त्व कमी आहे म्हणून नव्हे. १२ जून २०२३ रोजी भोपाळच्या अरेरा टेकड्यांवरील सातपुडा भवनात तिसऱ्या मजल्यावर आग लागली, ती वरच्या मजल्यांपर्यंत चढत गेली, आणि सरकारी खात्यांचे कितीतरी दप्तर जळून गेले. माणसे वेळेवर बाहेर पडली हे सुदैव. त्यानंतर ९ मार्च २०२४ रोजी जवळच्याच वल्लभ भवनात, म्हणजे राज्याच्या मंत्रालयात, आग लागली. या आगींच्या कारणांची चर्चा येथे करावयाची नाही. पण आपल्या जिन्याखालच्या कपाटाकडे पाहताना त्यांचे स्मरण ठेवावे. ज्या जिन्याने माणसे बाहेर पडणार, त्याच्याच तोंडाशी दिवसरात्र तापणारी यंत्रे, बॅटऱ्या आणि त्यांच्यावर रचलेली पुठ्ठ्याची रिकामी खोकी असावीत, यासारखा अविचार नाही. खोलीत धूर ओळखणारे उपकरण असावे. विजेच्या आगीवर पाणी मारू नये. कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक नळकांडे दाराबाहेर, हाताशी येईल असे टांगावे. मात्र त्याच वायूने लहान खोलीत माणसाचाही श्वास कोंडतो, हे वापरणाऱ्यास आधी शिकवून ठेवावे. भिंतीतून तारा नेण्यासाठी पाडलेली भोके आग अडविणाऱ्या लेपाने बुजवावीत. उघड्या भोकातून ज्वाळेआधी धूर वर चढतो.

हे सारे ऐकून एखादा गृहस्थ म्हणेल, एवढ्याशा कपाटासाठी हा पसारा कशाला? त्याला माझे उत्तर असे की, यात खर्चाचा भाग थोडा आहे आणि क्रमाचा भाग अधिक आहे. हीच कामे यंत्र बसल्यावर करावयाची म्हटली तर दुप्पट पैसे पडतात, व्यवहार बंद ठेवावा लागतो, आणि पुष्कळदा ती राहूनच जातात. तयारी टाळल्याने जो पैसा वाचतो, त्याची किंमत दुकानमालक देत नाही. ती देतो तो वीस-बावीस वर्षांचा कारागीर, जो दिवसाला चार ठिकाणी जाऊन शिडीवर चढतो आणि ज्याला 'येथे अर्थिंग नाही, मी यंत्र जोडणार नाही' असे म्हणण्याची मुभा नसते.

ती मुभा त्याला दिली पाहिजे. त्यासाठी एक साधा उपाय सुचवितो. जागा, भार, वीज, अर्थिंगचा आकडा, हवा, तारा आणि आग या सात बाबींचा एक कागद करावा. प्रत्येक बाबीपुढे मोजमाप, तारीख आणि मोजणाराची सही असावी. सातही सह्या झाल्याखेरीज खोके उघडावयाचे नाही, आणि एकही सही राहिली असेल तर कारागिराने परत जावे व त्याची त्या दिवसाची मजुरी कापली जाऊ नये, असे करारातच लिहावे. मोठ्या कचेऱ्यांत हा शिरस्ता असतो. बिट्टन मार्केटमधील चार खोल्यांच्या दवाखान्याला तो परवडणार नाही असे मानण्याचे काही कारण नाही. त्याला लागतो तो एक कागद आणि थोडा धीर.

आपल्या इमारतीत असे एखादे कपाट असेलच. उद्या दिवसाउजेडी एकदा त्याच्यापाशी जाऊन उभे राहावे. वर पाण्याचा नळ आहे काय, समोर अडगळ आहे काय, तारांना क्रमांक आहेत काय, आणि हिरवी-पिवळी तार शेवटी कोठे जाते, एवढे चार प्रश्न विचारावेत. चौथ्या प्रश्नाचे उत्तर कोणालाच ठाऊक नसेल, तर परवानाधारक विद्युत्-कारागिरास बोलावून घ्यावे, आणि तोवर त्या कपाटाला कोणी हात लावू नये, एवढी सूचना दारावर लिहून ठेवावी.